यादी लांब, केंद्रक मळकं: एका मास स्पेक सेवेचा रिव्ह्यू

पाचात साडेतीन तारे. यंत्राला पाच, फोन उचलणाऱ्या माणसांना साडेचार आणि छापील रिपोर्टला जेमतेम दीड धरला तर सरासरी थोडी वर जाते. पण त्या रिपोर्टनं मला इतका ताप दिला की वरचा अपूर्णांक मी मुद्दाम कापला आहे.

घाटापलीकडच्या एका मोठ्या शहरात पैसे भरून मास स्पेकवर, म्हणजे रेणूंची वजनं मोजणाऱ्या यंत्रावर, प्रथिनं मोजून देणारी एक कंपनी आहे, तिच्याबद्दल हे. नाव लिहीत नाही. एक तर मी जिथून जिथून कोटेशन मागवलं त्या सगळ्यांचे फॉर्म एकाच साच्यातून काढल्यासारखे होते, तेव्हा या एकट्यांनाच धारेवर धरणं बरोबर नाही. दुसरं म्हणजे पुढची बॅच मला यांच्याकडेच पाठवायची आहे. गोव्यात एखाद्या कॉलेजात छोट्या ग्रँटवर काम करणाऱ्यांनी, आणि त्यातही ज्यांना अख्ख्या पेशीतलं नको, फक्त केंद्रकातलं हवं आहे त्यांनी, पैसे भरण्याआधी हे वाचावं.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि शिकवता शिकवता पीएचडी करते. विषय कोरगुट, भाताचं एक वाण. गोव्याबाहेरच्यांना सांगायचं तर आमच्याकडे नदीकाठाला खाजन जमिनी आहेत. भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवायचं, मानशीच्या दारांतून आत-बाहेर सोडायचं आणि पावसानं मीठ धुतलं गेलं की भात लावायचा. बांध फुटला की खारं पाणी थेट शेतात. बाकीची भातं अशा पाण्यात माना टाकतात, कोरगुट तग धरतो. चोडणला आमच्या घरचं थोडं खाजन आहे, त्यामुळे हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. तो तग कसा धरतो याची काही उत्तरं मुळांत सापडतात, सोडियम आत घ्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या वाहक प्रथिनांत. मला बघायचं होतं ते त्याच्याही आधीचं: कुठली जनुकं उघडायची आणि कुठली मिटायची याचा कारभार चालवणारी केंद्रकातली प्रथिनं मिठाच्या ताणाखाली कमी-जास्त होतात का.

अख्खं पान वाटून यंत्रात घालून हे दिसत नाही. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास वजन एकट्या रुबिस्कोचं असू शकतं. रुबिस्को म्हणजे हवेतला कार्बन पकडणारं हरितलवकातलं एन्झाइम, आणि झाडानं ते ढिगानं करून ठेवलेलं असतं. जनुकांची कळ दाबणारी प्रथिनं त्यामानानं चिमूटभरही नसतात. यंत्राचा बहुतेक वेळ रुबिस्कोचे तुकडे मोजण्यात जातो आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ती प्रथिनं खालच्या गोंगाटात बुडतात. म्हणून आधी केंद्रकं वेगळी काढायची, मग मोजायचं.

आणि इथेच त्यांच्या जाहिरातीशी माझं पहिलं भांडण. कोटेशनच्या पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत आश्वासन असतं की एका नमुन्यात इतकी हजार प्रथिनं ओळखून देऊ. अख्ख्या पेशीच्या कामात हा आकडा कामाचा असेल. केंद्रकाच्या कामात तो उलटाही पडतो. केंद्रकं जितकी मळकट, म्हणजे हरितलवक, मायटोकॉन्ड्रिया आणि पेशीद्रवाचा गाळ त्यांना जितका जास्त चिकटलेला, तितकी यादी लांब. स्वच्छ केंद्रकांची यादी आखूड येऊ शकते आणि तीच खरी असते. सेवा विकणाऱ्याला लांब यादी दाखवायला आवडते, घेणाऱ्यालाही प्रबंधाला जोडायला बरी वाटते. दोघं खूश, आणि केंद्रकाबद्दल कोणालाच काही कळलेलं नसतं.

स्वच्छता आपल्याच हातात असते, ती कुठलीच कंपनी विकत नाही. भाताच्या पानातून केंद्रकं काढायचं काम मी ताळगावच्या पठारावर, विद्यापीठातल्या एका मैत्रिणीच्या बाकावर करते. पानं द्रव नायट्रोजनमध्ये टाकून खलबत्त्यात वाटायची. भाताच्या पानात सिलिका असते, बत्ता करकरतो. पूड थंडगार बफरमध्ये कालवायची, मिराक्लॉथमधून गाळायची आणि सेंट्रिफ्यूज हलक्या वेगानं फिरवायचा, कारण वेग वाढवला की नको ते सगळं केंद्रकांबरोबर खाली बसतं. तळाला पेलेट येतो तो हिरवागार. मग ट्रायटन एक्स-१०० घातलेल्या बफरनं धुणं सुरू. ट्रायटन हरितलवकांची पटलं विरघळवतं, केंद्रक त्यातून तगून राहतं. प्रत्येक धुण्याला रंग उतरत जातो: गडद हिरवा, पोपटी, पिस्ता, आणि मग तो राखाडी-पांढरा, जो दिसला की खांदे सैल होतात. पेलेट सोडवताना पिपेटच्या टिपचं टोक कात्रीनं कापून तोंड मोठं करून घ्यायचं, नाहीतर केंद्रकं फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो आणि ट्यूबमध्ये शेंबडासारखी तार येते. तशी तार आली की ती ट्यूब मी बाजूलाच ठेवते.

शेवटी थोडा थेंब डापी, म्हणजे डीएनएला धरून निळा चमकणारा रंग, घालून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली. निळे गोळे दिसतात, आणि नीट बघितलं तर प्रत्येकात एक काळा डाग, ती केंद्रिका; तिथे डापीला धरायला डीएनए फारसा नसतो. गोळ्यांच्या कडा साफ असल्या, आजूबाजूला कचरा नसला की फोटो काढून ठेवायचा. एक वेस्टर्न ब्लॉटही करायचा, म्हणजे ठरावीक प्रथिन किती आहे हे पट्टीवरून दाखवणारी चाचणी. हिस्टोन म्हणजे केंद्रकात डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रथिनं; त्यांतल्या एच३ची पट्टी केंद्रकाच्या रांगेत ठसठशीत यायला हवी आणि रुबिस्कोच्या मोठ्या उपघटकाची फिकी. फिकी म्हणते आहे. पूर्ण गायब झालेली मी अजून पाहिलेली नाही.

पाठवणी हे वेगळंच प्रकरण. गोठवलेला पेलेट पाठवायचा तर ड्राय आइस लागतो. तो उणे ७८.५ अंशांना असतो, वितळत नाही, सरळ वायू होतो. म्हणून थर्माकोलचा डबा टेपनं घट्ट बंद करायचा नसतो, वायूला वाट ठेवावी लागते. विमानानं जायचं तर डब्यावर यूएन १८४५ चं लेबल आणि बर्फाचं वजन लिहावं लागतं. हे सगळं करून मी कुरिअरवाल्याच्या काउंटरवर डबा ठेवला तर त्यानं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “बाय, हातूंत नुस्तें आसा?” म्हणजे यात मासळी आहे का. मी म्हटलं, नाही हो, भात आहे. त्या उत्तरानं त्याचा संशय दुप्पट झाला. शेवटी विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं पत्र दाखवावं लागलं. गुरुवारी-शुक्रवारी काही पाठवू नका, आणि गणपतीच्या चवथीच्या आठवड्यात तर अजिबात नको. इथे आणि तिथे दोन्हीकडे डबा उचलायला माणूस नसतो आणि बर्फ कोणासाठी थांबत नाही.

आता कौतुक. डबा पोचला त्याच दिवशी त्यांनी तापमानाच्या नोंदीसह ट्यूबचे फोटो पाठवले. आणि दोन दिवसांनी तिथल्या एका मुलीचा फोन आला. “मॅडम, बफरमध्ये डिटर्जंट आहे का? टेस्ट रनमध्ये चव्वेचाळीस-चव्वेचाळीसच्या अंतरानं पीक्स येतायत.” मला त्या क्षणी तिला चतुर्थीचे मोदक पाठवावेसे वाटले. ट्रायटनच्या रेणूला इथिलीन ऑक्साइडची लांब साखळी असते, एकेक कडी ४४ डाल्टनची (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप). साखळ्या कमी-जास्त लांबीच्या, त्यामुळे पडद्यावर शिडीच्या पायऱ्यांसारखी शिखरं उभी राहतात आणि पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, त्यांच्यामागे झाकले जातात. कॉलममध्ये, म्हणजे तुकडे वेगळे करणाऱ्या बारीक नळीत, ट्रायटन एकदा शिरलं की पुढच्या माणसाच्या नमुन्यातही ते निथळत राहतं. फॉर्ममध्ये मी ट्रायटनचं नाव आणि टक्केवारी लिहिली होती, पण फॉर्म वाचणारा आणि यंत्र चालवणारा यांच्यात गाठ नव्हती. मुलीनं मात्र पुढचं काही न चालवता थांबून विचारलं. मग त्यांनी एसपी३ पद्धतीनं, म्हणजे चुंबकी मण्यांवर प्रथिनं चिकटवून आणि डिटर्जंट धुऊन टाकून, सगळे नमुने पुन्हा साफ केले. जादा पैसे मागितले नाहीत. साडेचार तारे इथे वसूल होतात.

पुढचं यंत्रातलं काम लवकर सांगते, कारण त्यात तक्रारीला जागा नाही. ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढे प्रथिन कापतं. तुकडे ७५ मायक्रोमीटर आतल्या व्यासाच्या कॉलममधून मिनिटाला सुमारे ३०० नॅनोलिटर वेगानं जातात, टोकाशी दोनेक हजार व्होल्टवर त्यांचा फवारा उडतो आणि विद्युतभारित तुकडे आत शिरतात. या फवाऱ्याच्या कामासाठी जॉन फेन यांना २००२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, कोइची तानाका यांच्यासोबत. आत त्यांची वजनं मोजणारा ऑर्बिट्रॅप. हे यंत्र बाजारात आलं २००५ साली, आणि भाताच्या निप्पोनबारे वाणाचा जीनोम अचूक नकाशासह छापून आला तोही २००५ सालीच. माझ्या कामाचे दोन्ही पाय एकाच वर्षी जमिनीला लागले म्हणायचे. वजनातली चूक दशलक्षात दोन-तीन भागांच्या आत होती. एकच नमुना दोनदा चालवून त्यांनी तुलना दिली, ती तंतोतंत. पाच तारे.

मग रिपोर्ट आला. चकचकीत पीडीएफ, पहिल्या पानावर कंपनीचा लोगो, दुसऱ्या पानावर तो एकूण प्रथिनांचा आकडा मोठ्या टाइपात. आणि तिसऱ्या पानावर तांबड्या चौकटीत इशारा: लॅमिन आढळलं नाही, केंद्रकांचं शुद्धीकरण असमाधानकारक.

लॅमिन भातात कुठून आढळणार? प्राण्यांच्या केंद्रकाच्या कवचाला आतून आधार देणारं जाळं लॅमिनचं असतं. वनस्पतींमध्ये लॅमिन नाही. ते काम झाडांत एनएमसीपी नावाच्या वेगळ्याच कुळातली प्रथिनं करतात, आणि ती माझ्या यादीत व्यवस्थित होती, शंभर-दोनशे ओळी खाली. केंद्रकाच्या छिद्रांची न्यूक्लिओपोरिन होती, केंद्रिकेतलं फायब्रिलरिन होतं, हिस्टोनांची पलटण होती. साचा माणसाच्या पेशींसाठी बनवलेला, त्यात झाड घातलं, आणि साच्यानं झाडाला नापास केलं. हे वाचून आमचे सर म्हणाले, “तू त्यांना विचार, उंदराच्या नमुन्यात रुबिस्को नाही म्हणून त्यालाही नापास करतात का.” विचारलं नाही, पण मनात आहे.

लॅमिनची चौकट हसून सोडता येते. खरा घोळ नवव्या पानावर होता, तांबड्या-निळ्या हीटमॅपमध्ये. मिठाच्या पाण्यात वाढवलेल्या रोपांत एच२ए, एच२बी, एच३, एच४ असे सगळे हिस्टोन ‘लक्षणीय घटलेले’ दाखवले होते, सगळे जवळपास सारख्याच प्रमाणात. खाली एक वाक्य: क्षारताणाखाली क्रोमॅटिनच्या संरचनेत मोठे बदल सूचित होतात. एखाद्या घाईतल्या विद्यार्थ्यानं हे वाक्य उचलून थेट पेपरात घातलं असतं.

केंद्रकातला डीएनए हिस्टोनांवर गुंडाळलेला असतो, आठ हिस्टोनांचा एकेक गठ्ठा आणि त्याभोवती १४७ बेस-जोड्या. क्रोमॅटिन म्हणजे हेच. रोप खाऱ्या पाण्यात ठेवलं म्हणून केंद्रकातला डीएनए कमी होत नाही, आणि डीएनए तेवढाच असताना चारही हिस्टोन एकदम एकाच मापानं उतरणं जवळपास अशक्य. त्याच तक्त्यात थोडं वर बघितलं तर रुबिस्को आणि हरितलवकातली बाकी मंडळी त्याच नमुन्यांत वाढलेली. म्हणजे त्या नमुन्यांत हरितलवकांचा गाळ जास्त चिकटून आला होता, बस. ताण बसलेलं पान वेगळं फुटतं, दोन गटांची स्वच्छता तंतोतंत सारखी कधीच येत नाही. यंत्रात प्रत्येक नमुन्यातलं सारख्याच वजनाचं पेप्टाइड जातं, आणि नंतर सॉफ्टवेअर सगळ्यांचा एकूण सिग्नल एका पातळीला आणतं. इसवण बर्फासकट तोलली तर काटा बरोबरच असतो, पण बर्फ वाढेल तशी त्या एका किलोत मासळी कमी येते. इथे तेच झालं. मोजमाप अचूक, तोललं काय ते मात्र कोणी बघितलं नाही.

यावरचा उपाय नवा नाही आणि महागही नाही. २०१४ साली म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतल्या माथियास मान यांच्या गटानं दाखवून दिलं की हिस्टोनांच्या एकूण सिग्नललाच मोजपट्टी करता येते. हिस्टोनांचं वजन डीएनएच्या वजनाशी बांधलेलं असतं, आणि एका पेशीत डीएनए किती हे जीनोमवरून ठाऊक असतं. माणसाच्या पेशीत तो साडेसहा पिकोग्रॅमच्या आसपास, भाताच्या पेशीत एक पिकोग्रॅमच्याही आत. मग बाकी कुठल्याही प्रथिनाचा सिग्नल हिस्टोनांच्या बेरजेशी भागून बघायचा, की दर केंद्रकामागे ते साधारण किती आहे याचा अंदाज येतो. पेशी विभागत असतील तर डीएनए दुप्पट होण्याच्या अवस्थेचा विचार करावा लागतो, पण पूर्ण वाढलेल्या पानात ती अडचण फारशी नाही. यासाठीचं प्लगइन पर्सियस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. केंद्रकाचे नमुने घेणाऱ्या सेवेच्या रिपोर्टात ही एक उभी ओळ असायलाच हवी. मी मागितली तेव्हा उत्तर आलं की ते आमच्या पॅकेजमध्ये बसत नाही.

नशिबानं कोटेशनवर सही करताना मी ‘रॉ फाइल्स देणे बंधनकारक’ अशी ओळ घालून घेतली होती. फाइली आल्या, गिगाबाइटांत मोजाव्या अशा, आणि त्या उतरवायला विद्यापीठाचं नेट वापरावं लागलं. चोडणला घरी बसून ते जमलं नसतं. हिस्टोनांच्या मापानं सगळं नव्यानं मांडलं तेव्हा तांबड्या-निळ्या यादीतली बरीच नावं आपोआप गळाली. उरली ती थोडी, पण ती प्रत्येक फेरनमुन्यात तीच आणि त्याच दिशेनं. त्यांच्यावर माझा प्रबंध उभा राहील. नवव्या पानावरच्या वाक्यावर तो उभा राहिला असता तर परीक्षकानं पहिल्याच प्रश्नात पाडला असता.

आणखी एक गोष्ट कंपनीच्या बाजूनं लिहायलाच हवी. शोध घ्यायला त्यांनी निप्पोनबारेचा डेटाबेस वापरला होता, जगभर भातासाठी तोच वापरतात. निप्पोनबारे जपानी, आमचा कोरगुट खाजनातला. मास स्पेकचं सॉफ्टवेअर मोजलेलं वजन डेटाबेसमधल्या तुकड्यांशी ताडून बघतं. कोरगुटात एखादं अमिनो आम्ल जरी बदललेलं असलं तरी त्या तुकड्याचं वजन बदलतं, जुळणी होत नाही आणि तो तुकडा यादीत येतच नाही. तो नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही, पण यादीत तसं कुठे लिहिलेलं नसतं. आमच्याकडे कोरगुटाचा आरएनए वाचलेला होता. त्यावरून मी प्रथिनांची स्वतंत्र फाइल केली आणि विचारलं, याच्याशी पुन्हा ताडून द्याल का? पुन्हा त्याच मुलीनं, पुन्हा पैसे न घेता, आठवड्याभरात दिलं. काही प्रथिनं नव्यानं उजेडात आली, तर काहींचे आकडे बदलले, कारण आता त्यांचे जास्त तुकडे जुळत होते. चुकीची ओळख शंभरात एकाच्या वर जाऊ नये ही मर्यादा दोन्ही वेळा सारखीच पाळली होती, हेही तिनं न विचारता लिहून कळवलं. अशी माणसं पॅकेजमध्ये लिहिलेली नसतात.

हिस्टोनांवरच्या खुणा मोजून घ्यायची सेवा वेगळी आणि महाग, पण ती घ्याच. जनुक उघडं की बंद याच्या खुणा हिस्टोनांच्या शेपटीवर असतात, असिटाइल, मिथाइल वगैरे. अडचण अशी की शेपटीत लायसिन आणि आर्जिनिन इतकी दाटीनं असतात की ट्रिप्सिन तिचा पार भुगा करतं, आणि दोन-तीन अमिनो आम्लांचे ते कण कॉलमवर थांबतच नाहीत. म्हणून आधी प्रोपिओनिक अनहायड्राइड लावून लायसिन झाकतात, मग ट्रिप्सिन फक्त आर्जिनिनला कापतं आणि एच३च्या ९ ते १७ या जागांचा तुकडा अखंड हातात येतो. आता याच तुकड्यावर ९व्या जागी एक असिटाइल असेल तर वजन ४२.०११ डाल्टननं वाढतं, तीन मिथाइल असतील तर ४२.०४७नं. फरक ०.०३६ डाल्टन. अर्थ मात्र वेगळे: पहिली खूण साधारणपणे जागत्या जनुकांवर सापडते, दुसरी प्राण्यांत बऱ्याचदा मिटलेल्या भागात. हजार डाल्टनच्या तुकड्यात ०.०३६ म्हणजे दशलक्षात ३६ भाग. जुन्या कमी क्षमतेच्या यंत्रावर दोन्ही एकच दिसले असते. इथे दोन शिखरं सुटी सुटी दिसली, कॉलममधून बाहेर पडायची वेळही वेगळी. तो स्पेक्ट्रम मी छापून टेबलासमोर लावलाय. आमच्या विभागातला शिपाई रोज विचारतो हा कसला ईसीजी.

ज्यांना दोन-चार ठरावीक प्रथिनांचेच आकडे हवे आहेत त्यांनी हजारांच्या यादीचं पॅकेज घेऊच नये. त्यांच्याकडे पीआरएम, म्हणजे ठरवलेले तेवढेच तुकडे मोजायची पद्धत, आहे: हव्या त्या पेप्टाइडचं जड समस्थानिकांचं जुळं भाऊ विकत घ्यायचं, त्यातलं लायसिन ८ डाल्टननं किंवा आर्जिनिन १० डाल्टननं जड असतं. ते माहीत असलेल्या मात्रेत नमुन्यात मिसळायचं आणि दोघांची शिखरं शेजारी ठेवून वाचायची. पेप्टाइड बनवून घ्यायचा खर्च सुरुवातीला टोचतो. पण जनुकांची कळ दाबणाऱ्या, अगदी थोड्या प्रती असलेल्या प्रथिनांसाठी याच्याइतका विश्वासाचा आकडा मला दुसऱ्या कुठल्याच रस्त्यानं मिळाला नाही. मोठ्या यादीत त्यांच्यासमोर नुसती रिकामी चौकट होती.

पैशांचं: नमुन्यामागे काही हजार, वर १८ टक्के जीएसटी, आणि केंद्रकाचं काम म्हटलं की निदान तीन-तीन फेरनमुने दोन्ही गटांचे हवेतच, तेव्हा हिशोब आधी करा. सरकारी ग्रँट असेल तर तीन कोटेशनं, पर्चेस कमिटी आणि मार्चअखेर हे तिन्ही ग्रह एका रांगेत यावे लागतात. कमिटीत एका सदस्यानं विचारलं की सगळ्यात जास्त प्रथिनं देणारं कोटेशन सोडून हे का घेता. वर लिहिलंय तेच सगळं तोंडी सांगितलं. पटलं की दमले ठाऊक नाही, पण सही झाली.

पाठवण्याआधी एवढं लेखी घ्या: रॉ फाइल्स मिळतील, तुमचा डेटाबेस चालेल, आणि शुद्धता तुमच्या सजीवाच्या प्रथिनांवरून तपासतील. केंद्रकाचा डापीचा फोटो आणि ब्लॉट सोबत जोडा, म्हणजे तांबडी चौकट आली तर दाखवायला पुरावा असतो. ड्राय आइसची कटकट नको असेल तर पेप्टाइड करण्यापर्यंतचं काम इथेच उरका, ते स्पीडव्हॅकमध्ये सुकवा आणि साध्या बर्फाच्या पिशव्यांबरोबर पाठवा. सुकलेले पेप्टाइड प्रवासाला सोसतात, आणि यांच्या दरपत्रकात त्याचा दरही कमी आहे. पावसाळ्यात वीज गेली आणि उणे ८०चा फ्रीझर कण्हायला लागला तरी मग छातीत धस्स होत नाही.

पुढची बॅच मी अशीच पाठवणार आहे. या वेळी त्यांना कळवलं की रिपोर्ट नको, फक्त रॉ फाइल्स द्या, आणि कोटेशनमधली रिपोर्टची ओळ काढा. नवं कोटेशन कालच आलं. ओळ काढली आहे, एकूण रक्कम तेवढीच आहे. मी त्यांच्या त्या मुलीला फोन लावलाय, ती म्हणाली अकाउंट्सला विचारून सांगते.